पुस्तकांकडे पाय

माझ्या वहिनींच्या डाव्या पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूने चार बोटं वर, एक जखम होती. ती माझ्या घरात सात महिने भरली नाही आणि गावाकडे गेल्यावर अडीच महिन्यांत भरत आली. डॉक्टरांना याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही, कारण त्यामागचं कारण मला माहीत होतं. वहिनी माघात गेल्या. त्यांच्या जाण्याशी जखमेचा संबंध नव्हता, हृदय बंद पडलं. तरी गेले काही आठवडे मी लिहायला बसतो तो त्या पायाविषयीच.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर नाशकातल्या इंदिरानगरात दोन खोल्यांच्या घरात पुस्तकं आणि मी असे राहतो. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. भाऊ जाऊनही बरीच वर्षं झाली. गाव गिरणाऱ्याच्या बाजूला आहे. शेत फुलांचं, झेंडू आणि शेवंती, थोडा गुलाब. शेती आता त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, बघतो, पण फुलं विकली ती वहिनींनी. तीसेक वर्षं त्या सकाळच्या टेम्पोने नाशकात फुलबाजारात यायच्या आणि माल संपेपर्यंत उभ्या राहायच्या. शेजारच्या बायका पोतं अंथरून बसत. वहिनी बसत नसत. बसलेल्या बाईसमोरून गिऱ्हाईक बघत बघत पुढे जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेल्याच्या गेल्या संक्रांतीला मी गावाला गेलो होतो. तिळगूळ झाल्यावर वहिनींनी लुगडं घोट्यापासून वीतभर वर घेतलं.

"भाऊजी, हे बघा बरं. लय खाजतंय."

चिंचेच्या रंगाचा एक चट्टा होता. कातडी कोरडी, ताणलेली, कडेला खाजवल्याच्या रेघा. मी चष्मा लावून बघितलं. माझ्याकडे घरगुती वैद्यकाचं एक जाड पुस्तक आहे, त्यातली चित्रं मला पाठ होती. शिवाय फोनवर आणखी काही चित्रं पाहिली आणि मी सांगून टाकलं की हे इसब आहे.

"डाक्टरला दाखवू का?"

"कशाला? ट्यूब आणून देतो. महिनाभर लावा."

पुतण्या म्हणाला, "काकांनी सांगितलं म्हणजे झालं. एवढी कपाटं वाचल्यात त्यांनी." वहिनींनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात कौतुक होतं. मला ते आवडलं, हेही लिहायला हवं. औषधाच्या दुकानातून मी नाव सांगून ट्यूब आणली. दोन महिने वहिनींनी ती नेमाने चोळली. खाज थोडी दबली, कातडी मात्र कागदासारखी पातळ झाली. होळीच्या आसपास तिथे नखाएवढी चीर पडली, मग ती रुंद होत गेली आणि त्यातून पाणी यायला लागलं. तेव्हा मी त्यांना नाशकातल्या एका कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी वहिनींना झोपवलं नाही, एका बुटक्या स्टुलावर उभं केलं.

"आजी, पाच मिनिटं उभ्या राहा."

"जन्मभर तेच केलंय की. इथं तरी बसवाल असं वाटलं होतं."

डॉक्टर हसल्या आणि जमिनीवर बसून पायाकडे बघत राहिल्या. पोटरीवर दोऱ्यांच्या गुंत्यासारख्या निळ्या शिरा फुगून आल्या होत्या. मी संक्रांतीला फक्त चट्टा पाहिला होता. वीतभर वर बघितलं असतं तर त्याही दिसल्या असत्या.

"ही जखम कातडीची नाही, शिरांची आहे," त्या मला म्हणाल्या. "रक्त वर ढकलायला शिरांमध्ये झडपा असतात. आजींच्या सैल झाल्यात. रक्त खाली साचतं, कातडीला आतून पोषण मिळत नाही. ती काळी पडते, खाजते, मग फुटते." वहिनींनी पिशवीतून काढलेली ट्यूब बघून त्यांनी विचारलं, "ही कोणी दिली?"

"दुकानातून आणली," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाल्या की अशा ट्यूबने कातडी आणखी नाजूक होते. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो.

पायात रक्त नीट पोचतंय ना, हे त्यांनी एका छोट्या यंत्राने ऐकून बघितलं, घोट्याचा दाब मोजला. मगच पट्टी बांधली. बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत, दोन थरांची, घट्ट. आठवड्यातून दोनदा ती बदलायची. चालायचं भरपूर, उभं राहायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा, तासतासभर, पाठीवर पडून पाय छातीच्या वर येईल इतका उंच ठेवायचा.

"पट्टी निम्मं काम करते, निम्मं पाय वर ठेवल्याने होतं. जखम बुजली की आजी घरी."

"दसऱ्याच्या आत बुजंल का?"

"दसऱ्याच्या पुष्कळ आत. पाय वर ठेवलात तर."

दसऱ्याचं विचारण्याला कारण होतं. आमच्याकडे दसऱ्याच्या झेंडूचा पहिला तोडा घरातल्या मोठ्या बाईने करायचा असतो. त्यातली पाच फुलं बांधाला वाहून मग बाकीचे लोक वावरात उतरतात. माझी आई गेल्यापासून तो तोडा वहिनींचा होता. त्यांनी तो एकदाही चुकवलेला नव्हता, भाऊ गेला त्या वर्षीही नाही.

गावाहून आठवड्यातून दोनदा येणं-जाणं अवघड होतं, म्हणून त्या माझ्याकडे राहायला आल्या. चैत्र होता. बाहेरच्या खोलीत मी त्यांच्यासाठी पलंग टाकला. त्या खोलीची उत्तरेची भिंत खालपासून वरपर्यंत पुस्तकांची आहे. पलंगाचं डोकं दक्षिणेला आणि पायथा उत्तरेला, कपाटांपासून हातभर अंतरावर. उलटा ठेवला तर डोकं उत्तरेला येतं, आणि तसं आमच्याकडे फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. आडवा ठेवला तर दार उघडत नव्हतं. आतली खोली माझी. तिथे माझ्या पलंगाच्या पायथ्याशी खिडकी आहे.

दोन उशा आणि एक गुंडाळलेली गोधडी असा पायासाठी उंचवटा मी स्वतः करून दिला. एक वही केली. तीत पट्टी बदलल्याचा दिवस, जखमेची लांबी-रुंदी, पाय वर ठेवल्याचे तास, असे रकाने आखले. दवाखान्यातली सिस्टर दर पंधरा दिवसांनी जखमेवर पारदर्शक कागद धरून पेनाने तिची कड काढायची आणि तो कागद मला द्यायची. मी ते सगळे क्रमाने लावून ठेवत होतो.

"सर, तुम्ही जखमेकडे बघता ना, ते पेपर तपासल्यासारखं बघता," ती एकदा म्हणाली.

"नापास करत्यात दर बारीला," वहिनी म्हणाल्या.

कागद एकावर एक धरून उजेडात बघितले की कडा जवळजवळ जुळायच्या. पहिल्या महिन्यात थोडी आत सरकली होती, मग सरकेना. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. मी रोज संध्याकाळी विचारायचो, "पाय वर ठेवला होता ना?" वहिनी म्हणायच्या, "ठेवला की." मी वहीत तीन तास लिहायचो.

मग मला संशय आला की मी घरात नसताना त्या पट्टी सैल करतात. पट्टीने गरम होतं, टोचतं, अशी तक्रार त्यांनी एकदा केली होती. एका सकाळी त्या डोळे मिटून पडल्या असताना मी पट्टीच्या शेवटच्या वेढ्यावर पेनाने एक बारीक रेघ मारली, दोन थरांवरून जाणारी. सोडून पुन्हा बांधली तर रेघ जुळणार नाही. पुस्तकांची पानं कोणी फाडू नये म्हणून वाचनालयात आम्ही असल्या युक्त्या करायचो. चार दिवस रोज मी ती रेघ बघत होतो. ती जशीच्या तशी होती. तरी मी त्यांना विचारलं.

"मी नसताना पट्टी सोडता का?"

"नाय हो."

"मग जखम भरत का नाही?"

"आता ती काय माझं ऐकती का?"

"तुम्हाला बरं व्हायचंच नाही असं दिसतंय," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, "दसरा किती दिवसांवर राहिला ओ भाऊजी?"

श्रावणात एका दुपारी मी सार्वजनिक वाचनालयात गेलो होतो. तिथे कसलीशी सुट्टी निघाली आणि मी अर्ध्या तासात परतलो. किल्लीने दार उघडलं. वहिनी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, भिंतीला डोकं टेकून पेंगत होत्या. पट्टीच्या खाली बोटं सुजून निळसर झाली होती. उशा आणि गोधडी बाजूला नीट रचून ठेवलेली. दाराच्या आवाजाने त्या जाग्या झाल्या. त्यांनी घाईने उशा ओढल्या, आणि पाय वर घेण्याआधी उजवा हात कपाटाकडे लांब करून, पुस्तकांच्या कण्यांना बोटं लावून ती कपाळाला लावली. मग पाय उचलून ठेवले. हे सगळं पापणी लवावी इतक्या सहज झालं. मला दाखवायला केलेलं नव्हतं. मी दिसत असे तेवढा वेळ त्या पाय वर ठेवत होत्या, आणि ठेवण्याआधी दर वेळी पुस्तकांची माफी मागत होत्या.

मी चहा ठेवायला आत गेलो आणि ओट्यापाशी उभा राहिलो. पुस्तकाला पाय लागू नये हे आपल्याकडे कोणालाही माहीत असतं, वहिनींना ते मीच शिकवलं असं म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट मला तिथे आठवली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. ओसरीवर माझं भूगोलाचं पुस्तक उघडं पडलं होतं. पाण्याची कळशी घेऊन जाताना त्यांचा पाय त्यावर पडला. मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो की पुस्तकाला पाय लावू नये एवढंही हिला कळत नाही, हिच्या घरी पुस्तकं नसतीलच. पाहुणे बसले होते. कळशी खाली ठेवून त्यांनी त्या पुस्तकाला तीनदा हात लावून नमस्कार केला होता. त्यांची शाळा दुसरीत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी मी विषय काढला, पण तो माणूस म्हणून नाही, जाणकार म्हणून काढला. मी त्यांना समजावून सांगितलं की पुस्तक म्हणजे कागद आणि शाई, त्याचा मान आपण वाचून ठेवतो, पुस्तकांना काही कळत नसतं.

"पुस्तकांना नसंल कळत," वहिनी म्हणाल्या. "मला कळतं ना."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "ही कपाटं तिकडं नाय का सरकत?"

"भिंतीत स्क्रू ठोकलेत."

"मंग माझं एक जुनं लुगडं त्याच्यावरून सोडलं तर? झाकल्यावानी होईल."

मी म्हणालो, पावसाळ्याचे दिवस आहेत, पुस्तकांना हवा लागली पाहिजे, नाहीतर कसर लागते.

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मला त्यांना माझी खोली देता आली असती. तिथे पायाशी खिडकी होती आणि खिडकीबाहेर एक कडुनिंब. हे सुचलं नाही असं मी म्हणू शकत नाही. सुचलं होतं. त्या खोलीत माझं टेबल आहे आणि टेबलावर दोन वर्षं चाललेलं माझ्या संग्रहाच्या सूचीचं काम पसरलेलं होतं. पत्त्यांसारखी मांडलेली कार्डं उचलून दुसरीकडे न्यायची तर क्रम मोडला असता. अर्ध्या दिवसाचं काम. मी ते पुढच्या आठवड्यावर ढकललं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पुढच्या. वहीत मी तीन तास लिहीतच राहिलो. आता ते खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि वही डॉक्टर बघत होत्या.

भाद्रपदात डॉक्टर काळजीत पडल्या. वही चाळून म्हणाल्या, "पट्टी व्यवस्थित आहे, पाय वर ठेवला जातोय, तरी महिनोन्‌महिने भरत नाही म्हणजे आणखी काही नाही ना, हे बघायला हवं. कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवू. अशा जुन्या जखमेत कधी कधी कॅन्सर लपलेला असतो."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. डॉक्टर समोर बसल्या होत्या, वहिनी माझ्या शेजारी. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य मनात जुळवत होतो, पण त्यात वही येत होती, कपाटं येत होती, तिथपासून मागे जाऊन ती ट्यूबही येत होती. डॉक्टर मला सर म्हणत असत. मी सहीच्या जागी सही केली.

बधिर करायची सुई जखमेच्या कडेला टोचतात तेव्हा ती फार दुखते. दोन ठिकाणी टोचली. वहिनींनी माझं मनगट धरलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. सिस्टरने विचारलं, "दुखतंय का आजी?" तर म्हणाल्या, "दुखतं म्हणून सांगितलं तर सोडशील का?" अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्या दोनदा मला म्हणाल्या, "कॅन्सर असंल तर घरी घेऊन चला, इथं नको." अहवालात काही निघालं नाही. ते निघणार नाही हे मला एकट्याला बऱ्यापैकी माहीत होतं, आणि तरी मी त्यांना ते आठ दिवस काढू दिले.

दसरा माझ्या घरात झाला. पुतण्याने आदल्या दिवशी टेम्पोतून झेंडूची एक पिशवी पाठवली होती. पहिला तोडा त्याच्या बायकोने केला. वहिनींनी ती पिशवी उघडून फुलं खाली-वर केली आणि म्हणाल्या, "ओली तोडलीत. दव वाळू दिलं नाय." मग पलंगावर बसून तोरण ओवलं. पाय खालीच होते.

दिवाळी झाल्यावर त्यांनी पुतण्याला बोलावून घेतलं. "भरली तर भरली, नाय तर नाय," त्या म्हणाल्या. गावच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर दवाखान्यात येऊन पट्टी बांधायला शिकून गेली. डॉक्टर नाखूश होत्या. मी त्यांच्या बाजूने बोललो, घरी हयगय होईल असंही म्हणालो.

पंधरा दिवसांनी गावाला गेलो तेव्हा वहिनी पडवीत खाटेवर पाठीवर पडल्या होत्या. पायांखाली फुलांचे प्लॅस्टिकचे दोन क्रेट, त्यावर पोतं, आणि पाय वावराकडे. वावरात शेवंती होती.

"बघा, आमदार झाले," त्या म्हणाल्या. "ह्या क्रेटांवर दिवसभर पाय टाकून लोळते. सून म्हणती, आत्याबाई, आता पंखा पण घालू का?"

पाय छातीच्या चांगला वर होता. बोटांची सूज उतरली होती.

पौषात पुतण्या त्यांना तपासायला घेऊन आला. मीही गेलो. पट्टी सोडल्यावर डॉक्टर खाली वाकून बघतच राहिल्या. खड्डा भरून आला होता, कडेने गुलाबी पातळ कातडी आत सरकली होती. मध्ये तांदळाएवढी जागा तेवढी उघडी होती.

"सर, काय बदललं हो?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "गावची हवा मानवली असावी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "भाऊजींनी लय केलं माझं. सात महिने केलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, मला सापडला नाही. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी चहा पिताना त्या गेल्या. मी पोचलो तेव्हा बायकांनी अंघोळ घालून त्यांना उत्तरेला डोकं करून ठेवलं होतं. डावा पाय उघडा होता. जखम पुरती बुजली होती की नाही, हे बघायला मी पुढे झालो नाही.

तेराव्याला जेवणं झाल्यावर पडवीत माणसं बसली होती. जो तो माझ्याबद्दल बोलत होता. सख्खा मुलगा करणार नाही इतकं दिराने केलं, असं कोणी म्हणालं. शिकलेला माणूस असा असावा, असं दुसरं कोणी म्हणालं. मी हात जोडून बसलो होतो. असं बसलं की लोकांना तो नम्रपणा वाटतो.

तेवढ्यात पुतण्याच्या सासूबाई जवळ येऊन बसल्या. देवळ्याकडच्या, कांद्याच्या खळ्यावर उभं राहून आयुष्य काढलेल्या.

"तुम्हाला कळतं यातलं," म्हणत त्यांनी पदराआडून पाय पुढे केला. घोट्याच्या वर तोच रंग, तीच ताणलेली कातडी. अजून फुटलेली नव्हती.

मी त्यांना म्हणालो की यातलं मला काही कळत नाही, उद्याच डॉक्टरांकडे जा, दुकानातलं काही लावू नका. मग विचारलं, "तुम्ही निजता कुठे? पाय कोणत्या बाजूला येतात?"

त्या हसल्या. "हा काय प्रश्न? देव्हाऱ्याकडं येतात. म्हणून मी मुडपूनच निजते."

"खाट फिरवून घ्या. किंवा दुसऱ्या खोलीत टाका. आजच. डॉक्टर पाय वर ठेवायला सांगतील, तेव्हा तो कुणाकडे होतो हे आधी बघा, नाहीतर तुमच्याने ठेववणार नाही."

आजूबाजूची माणसं ऐकत होती. सासूबाईंनी विचारलं, "हे पुस्तकात आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "वहिनींनी सांगितलं होतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. कधी सांगितलं होतं, आणि तेव्हा मी काय म्हणालो होतो, हे कोणी विचारलं नाही. मीही तिथे सांगितलं नाही.